शिदोरी आणि भरवसा

(शास्त्रवाचन : एज्रा ८:१५-३६; नहेम्या २:१-९; लूक ९:५१-५६; याकोब ४:१३-१७)

मे महिन्याची सुट्टी किंवा नाताळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांतून प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे नातेवाईक दूरदूर विखुरलेले असतात. कोणाचे आजोळ अहिल्यानगराकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगराकडे; कोणाची बहीण सोलापुरास, कोणाचे व्याही मिरजेस. लग्न असो, दुःखाचा प्रसंग असो, अधिवेशन असो की शब्बाथशाळेची सहल असो, वर्षातून दोनचार वेळा तरी सामानाची बांधाबांध करावी लागतेच. म्हणून आज आम्ही एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. प्रवासाची आगाऊ तयारी किती करावी? आणि जो परमेश्वरावर भरवसा ठेवतो, त्याने ती करावीच काय?

या प्रश्नावर आपल्यात दोन पक्ष आढळतात. एक बंधू म्हणतात, "प्रार्थना केली आहे, पुढचे प्रभू पाहून घेईल." त्यांच्याजवळ परतीचे तिकीट नसते आणि उतरायचे कोठे हेही ठरलेले नसते. दुसरे बंधू दोन महिने आधीपासून वह्या-कागद घेऊन बसतात. कोणत्या गाडीने निघायचे, कोठे जेवायचे, कोणाकडे किती तास थांबायचे, हे सारे त्यांच्याकडे लिहिलेले असते, आणि त्यात एक तास इकडचा तिकडे झाला की घरातील सर्वांच्या तोंडचे पाणी पळते. पहिल्यास दुसरा अल्पविश्वासी वाटतो. दुसऱ्यास पहिला बेजबाबदार वाटतो. दोघेही पवित्र शास्त्रातून आधार काढून दाखवतात. पहिला डोंगरावरील प्रवचनातील उद्याच्या चिंतेविषयीचे वचन पुढे करतो, तर दुसरा बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला देतो.

मग खरे काय? आमच्या मते हा वाद "विश्वास की तयारी" अशा रीतीने मांडला की तो सुटत नाही. त्याऐवजी आपण असे विचारावे : माझ्या तयारीचा, किंवा तयारी न करण्याचा, भार कोण वाहतो? हा एक प्रश्न हाती धरून शास्त्र वाचले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

याकोबाची चेतावणी

प्रथम याकोबाच्या पत्रातील उतारा पाहू, कारण या विषयावर तोच सर्वात अधिक वापरला जातो. अमुक शहरी जाऊ, तेथे वर्षभर राहू, व्यापार करू आणि नफा मिळवू, असे बोलणाऱ्यांना याकोब फटकारतो. उद्या काय होईल हे तुम्हांस ठाऊक नाही, तुमचे आयुष्य वाफेसारखे आहे, असे तो बजावतो. परंतु लक्षपूर्वक वाचावे. शहर ठरवू नका, मुदत ठरवू नका, हिशेब करू नका, असे तो कोठेच म्हणत नाही. त्या व्यापाऱ्यांच्या बेतात ठिकाण आहे, काळ आहे, नफा आहे. देवाला मात्र जागा नाही. याकोब ज्याला दोष देतो ती त्यांची फुशारकी आहे.

प्रभूची इच्छा असल्यास असे म्हणावे, हे याकोबाने शिकवले आणि आपण ते शब्द उचलले. पण आपण ते वापरतो कसे? एखाद्या आजारी नातेवाइकाने येऊन जाण्याची विनंती केली आणि आपल्या मनात जावयाचे नसले, तर आपण म्हणतो, "प्रभूची इच्छा असेल तर येऊ." ना तारीख ठरवतो, ना तिकीट काढतो, आणि न जाण्याचे खापर प्रभूच्या इच्छेवर फोडतो. याकोबाला हे सोसवले असते असे आम्हांस वाटत नाही. कारण त्याच उताऱ्याच्या शेवटी त्याने म्हटले आहे की चांगले काय ते कळत असून जो करीत नाही, त्याला ते पाप आहे. जो मनापासून प्रभूच्या इच्छेवर सोडतो, तो आपल्या बाजूची तयारी पुरी करून मग सोडतो.

एज्रा आणि नहेम्या

आता दोन प्रवासी शेजारी उभे करून पाहू. एज्रा शास्त्री लोकांची एक मोठी टोळी घेऊन बाबेलहून यरुशलेमास निघाला. हा प्रवास सामान्यतः इ. स. पू. ४५८ मधला मानतात. वाट चार महिन्यांची, आणि शत्रू व लुटारू यांची भीती. राजाकडे शिपाई व स्वार मागता आले असते. परंतु एज्राने राजापुढे आधीच साक्ष दिली होती की आमच्या देवाचा हात त्याला शोधणाऱ्यांवर असतो. आता सैन्य मागावयाची त्याला लाज वाटली. त्याने अहवा नदीकाठी उपास जाहीर केला आणि सर्वांनी मिळून सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना केली.

त्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी नहेम्या त्याच यरुशलेमास निघाला. किसलेव महिन्यात त्याला नगराच्या दुर्दशेची बातमी कळली. नीसान महिन्यात तो राजापुढे बोलला. म्हणजे सुमारे चार महिने तो प्रार्थना करीत होता आणि, जे पुढे त्याने मागितले त्यावरून दिसते, विचारही करीत होता. राजाने किती दिवस लागतील असे विचारताच त्याने मुदत सांगितली. महानदापलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रे मागितली. वेशी, भिंत आणि राहण्याचे घर यांच्या लाकडासाठी राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावे पत्र मागितले. राजाने सेनानायक आणि स्वारही दिले, आणि नहेम्या त्यांच्यासह गेला. त्याला लाज वाटली नाही. उलट, देवाचा वरदहस्त आपणावर होता म्हणून राजाने हे दिले, असे तो लिहितो.

एकाने सैन्य नाकारले, दुसऱ्याने घेतले. शास्त्र दोघांपैकी कोणालाही दोष देत नाही. तेव्हा "विश्वास असेल तर संरक्षण घेऊ नये" असा नियम एज्रापासून काढता येत नाही, आणि "संरक्षणाशिवाय निघणे मूर्खपणाचे" असा नियम नहेम्यापासूनही काढता येत नाही.

परंतु एज्राचा अध्याय नीट वाचला तर आणखी काही दिसते. आपले "प्रभू पाहून घेईल" म्हणणारे बंधू त्याचे नाव घेतात, पण त्याने काय काय केले ते वाचत नाहीत. अहवा नदीकाठी तो तीन दिवस थांबला आणि लोकांची पाहणी केली. लेवी कोणी आले नाहीत असे दिसताच त्याने कासिफ्या येथे माणसे पाठवून अडतीस लेवी आणि मंदिराचे दोनशे वीस सेवक आणविले. सोने, रुपे व पात्रे त्याने तोलून बारा याजकांच्या स्वाधीन केली. त्यात सहाशे पन्नास किक्कार रुपे आणि शंभर किक्कार सोने होते. यरुशलेमास पोहोचल्यावर चौथ्या दिवशी ते सारे पुन्हा तोलण्यात आले आणि एकूण वजन लिहून ठेवण्यात आले. ज्या मनुष्याने देवाच्या भरवशावर सैन्य नाकारले, त्याने पैशांच्या हिशेबात मात्र "आपल्यातच तर आहे" असे म्हटले नाही. सहलीची किंवा अधिवेशनाची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या सर्वांना यात धडा आहे. निघताना मोजावे, परतल्यावर मोजावे आणि लिहून ठेवावे, म्हणजे कोणाचे मन कोणाविषयी कलुषित होत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. एज्राने मागितलेली सुखरूपता केवळ स्वतःसाठी नव्हती. आपल्या मुलाबाळांचा उल्लेख त्या प्रार्थनेत स्पष्ट आहे. वाटेत धोका होता, आणि तो लेकरांनाही होता. मग एज्राला तो पत्करण्याचा अधिकार होता काय? आमचे उत्तर असे की तो एकट्याने पत्करला गेला नाही. उपास सर्वांसमक्ष जाहीर झाला, लोकांनी तो केला, आणि ज्यांच्या जिवाला धोका होता त्यांनीच गुडघे टेकले. काय सोडले आहे आणि कोणावर टेकलो आहोत, हे जाणून ती मंडळी निघाली. विश्वासाचे धाडस जर कोणाला करावयाचेच असेल, तर त्याने त्याची किंमत स्वतः द्यावी, किंवा जे देणार आहेत त्यांना ती आधी सांगावी.

दुसऱ्याचे लेकरू

येथे आम्ही शब्बाथशाळेच्या शिक्षक-शिक्षिकांशी दोन शब्द स्पष्ट बोलू इच्छितो. मुलांची सहल निघते तेव्हा आईबाप आपले लेकरू आपल्या हाती देतात. त्या लेकराने कोणत्याही धाडसाला संमती दिलेली नसते. अशा वेळी किती मुले गाडीत चढली याची नावनिशी नसणे, नदीवर वा समुद्रावर पोहणारा एकही मोठा माणूस बरोबर नसणे, पूल पाण्याखाली असताना गाडी पुढे घालण्याची घाई करणे, रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरलाच सकाळी पुन्हा चालवावयास लावणे, कोणत्या मुलाला दम्याचे औषध लागते हे न विचारणे, आणि वर "आम्ही प्रार्थना करून निघालो आहोत" असे म्हणणे, हा विश्वास नाही.

सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे केले आणि देवदूत तुला झेलतील असे शास्त्रातूनच दाखवले. ते वचन खोटे नव्हते. तरीही प्रभूने उडी टाकली नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नये असे उत्तर दिले. आपण स्वतः उडी टाकणे जर पाप, तर दुसऱ्याच्या लेकराला घेऊन उडी टाकणे किती मोठे पाप होईल? मुलांची नावे कागदावर लिहिणे, दर आठदहा मुलांमागे एक जबाबदार मोठा माणूस नेमणे, जवळचा दवाखाना कोठे आहे ते आधी विचारून ठेवणे, पाण्याची जागा आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन पाहणे, ही कामे प्रार्थनेइतकीच पवित्र आहेत. नहेम्यानेही यरुशलेमास पोहोचल्यावर तीन दिवसांनी रात्री उठून भिंतींची पाहणी स्वतः केली होती.

घरातील आणि दारातील माणसे

मुलांविषयी जे खरे, तेच कमी प्रमाणात घरच्या माणसांविषयीही खरे आहे. "शिदोरीची काय चिंता?" असे म्हणणारा गृहस्थ गाडीत बसल्यावर चपाती आणि लसणाची चटणी खातोच. ती पहाटे चार वाजता उठून कोणी केली? मुलांचे कपडे, म्हाताऱ्या आईच्या गोळ्या, वाटेतले पाणी, आहेराचे पातळ, हे कोणी लक्षात ठेवले? पुष्कळदा एकाचा निश्चिंतपणा दुसरीच्या जागरणावर उभा असतो. उद्याची चिंता करू नका हे वचन जो घरात मोठ्याने म्हणतो, त्याने निदान पाण्याच्या बाटल्या तरी भराव्यात.

तसेच यजमानाचे आहे. "आपलीच माणसे, कळवावयाचे काय?" असे म्हणून सहा जण महिनाअखेरीस कोणाच्या दारात उभे राहतात, तेव्हा ते घर हसतमुखाने स्वागत करते, पण त्या हास्यामागे उसनवारी असू शकते. पौलाने फिलेमोनाला पत्र लिहिले तेव्हा, तुमच्या प्रार्थनांनी माझे येणे होईल अशी आशा आहे असे म्हणून, माझ्यासाठी उतरण्याची जागा तयार ठेव, असे आधी कळवले. आशा देवावर आणि निरोप यजमानाला, दोन्ही एकाच ओळीत आले आहेत. आणि करिंथास जाण्याचा बेत जेव्हा त्याला बदलावा लागला, तेव्हा लोकांनी त्याला चंचल ठरवले. त्याने ते झटकून न टाकता आपले कारण सविस्तर लिहून कळवले. बेत बदलणे हे पाप नव्हे. ज्यांना वाट पाहावयास लावले त्यांना न कळवणे हे अन्यायाचे आहे.

याच न्यायाने अतितयारीकडेही पाहावे. रेल्वेचे आरक्षण पूर्वी प्रवासाच्या १२० दिवस आधी करता येत असे; १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आणली गेली. इतक्या आधी काढलेली बरीच तिकिटे पुढे रद्द होत, आणि काही जण तर ना जात, ना तिकीट रद्द करीत, हे त्यामागचे एक कारण होते. "असू द्यावे हाताशी" म्हणून दोन-दोन तारखांची तिकिटे काढून ठेवणाऱ्याला आपण दूरदर्शी म्हणतो. पण त्याच वेळी एखादी आजारी बाई प्रतीक्षा यादीत असू शकते. अधिक तयारी म्हणजे नेहमी अधिक चांगुलपणा असे नाही. आपण तयारी करताना कोणाची जागा अडवतो, हेही पाहावे लागते.

बेत फसला तर

प्रभू येशूने स्वतः प्रवासाची आगाऊ तयारी केली होती. यरुशलेमास जावयाचे ठरल्यावर त्याने आपल्यापुढे निरोप्ये पाठवले, आणि ते शोमरोन्यांच्या एका गावात त्याची व्यवस्था करावयास गेले. परंतु त्या गावाने त्याला उतरू दिले नाही. बेत नीट होता, माणसे वेळेवर गेली होती, तरीही दार बंद झाले. याकोब आणि योहान इतके संतापले की आकाशातून अग्नी पाडावा काय, असे त्यांनी विचारले. प्रभूने त्यांना धमकावले, आणि मग ते सारे दुसऱ्या गावास गेले.

आपल्या तयारीची खरी परीक्षा येथे होते. गाडी सहा तास उशिरा आली, लॉजवाल्याने खोली दुसऱ्यास दिली, भाच्याने स्टेशनवर यावयाचे विसरले, अशा वेळी आपल्या तोंडून काय निघते? ज्याने आपला बेत देवाच्या जागी बसवला असेल, तो बेत मोडताच अग्नी मागतो. कधी रेल्वेच्या कारकुनावर, कधी बायकोवर, कधी मुलांवर. ज्याने बेत देवाच्या हाती दिला असेल, तो थोडा वेळ हळहळतो आणि दुसऱ्या गावाची वाट धरतो.

शिदोरी कोणासाठी?

त्याच लूकच्या शुभवर्तमानात, पुढच्याच अध्यायात, प्रभूने दुसऱ्या एका शोमरोनी प्रवाशाचा दाखला दिला. यरुशलेमाहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर तो जखमी माणसाजवळ थांबला, हे आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. पण त्याच्याजवळ काय होते, याकडे आपले लक्ष जात नाही. तेल होते, द्राक्षारस होता, बसावयास जनावर होते, उतारशाळेत देण्यास दोन दीनार होते, आणि परत येताना पुन्हा येईन असे सांगता येण्याइतका प्रवासाचा बेतही होता. हा मनुष्य रिकाम्या हाताने निघाला असता, तर त्याचा कळवळा खरा असूनही जखमा उघड्याच राहिल्या असत्या. त्याने तयारी स्वतःसाठी केली होती. वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याची झाली. आणि त्याचा बेत असा आवळलेला नव्हता की त्यात एका रात्रीचा मुक्काम मावू नये.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही असा एक प्रवासी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले. १८२६ च्या मार्च महिन्यात ते शुभवर्तमान सांगत नाशिकपर्यंत गेले. तेथे पटकीची साथ होती. त्यांनी जवळची औषधे रोग्यांना वाटली. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठले आणि २० मार्च १८२६ रोजी एका खेड्यात त्यांचा अंत झाला. त्यांनी ज्याच्या भाषांतरात श्रम घेतले होते तो मराठी नवा करार त्याच वर्षी छापून निघाला. औषधे बरोबर घेतली हा अविश्वास नव्हता, आणि ती दिली हा अविचार नव्हता. एकच मनुष्य दोन्ही करू शकतो, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रीती असते.

येथे कोणी विचारील की मग दहा कुमारींच्या दाखल्याचे काय? तेथे शहाण्या कुमारींनी आपले तेल दिले नाही. होय, आणि म्हणून काही तयारी अशीही आहे की जी ऐन वेळी कोणाकडून उसनी मिळत नाही. औषध वाटता येते, भाकर वाटता येते, गाडीत सरकून जागा देता येते. पण भावाशी मोडलेला समेट दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकत नाही. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी जाऊन भावाशी समेट करावा असे प्रभूने सांगितले. प्रवासाला निघतानाही हा नियम पाळण्याजोगा आहे. ज्याचे देणे राहिले आहे त्याचे देऊन निघावे. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारावरून होऊन निघावे. किल्ली शेजारी कोणाकडे ठेवली हे आपण घरी सांगतो. मनातला राग कोठे ठेवला तेही पाहावे. कारण कोणता प्रवास परतीचा आणि कोणता नाही, हे तिकिटावर छापलेले नसते. हिज्कीया राजाला आपल्या घराची व्यवस्था करावयास सांगण्यात आले तेव्हा तो अंथरुणावर होता. आपल्याला तो निरोप धडधाकट असतानाच मिळालेला आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, येत्या सुट्टीत बॅग भरताना आपण एक गोष्ट करून पाहावी. सामानाच्या यादीखाली दोन ओळी अधिक लिहाव्यात. पहिलीत, माझ्या या प्रवासाचे ओझे कोणकोणावर पडणार आहे, त्यांची नावे. दुसरीत, वाटेत कोणी गरजवंत भेटला तर त्याला देता येईल असे मी काय घेतले आहे, त्याची नोंद. मग कुटुंबाने मिळून प्रार्थना करावी आणि वेळेवर स्टेशनवर पोहोचावे. जो आपल्यापुढे जागा तयार करावयास गेला आहे, तो प्रभू आपणां सर्वांना जाता-येता राखो.